वाटेची पारख : कल्याणच्या घाटवाटांचा एक धडा

उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण आपण आतां केवळ माणसांना उद्देशून वापरतों. परंतु ज्या वाटसरूस पूल नसलेली उल्हास किंवा भातसा ओलांडून पलीकडे जावयाचें असे, त्याच्या लेखीं तिच्यांत उपहास थोडा आणि उपयोग फार होता. पाणी दगडगोट्यांवरून खळखळतें तेथें उतार असावयाचा. तेंच काळसर आणि निःशब्द झालें कीं तेथें डोह असावयाचा. असल्या अनेक खुणा आपल्या पूर्वजांच्या अंगवळणीं पडल्या होत्या, आणि त्यांच्याच आधारावर कल्याणपासून जुन्नर-पैठणपर्यंतची रहदारी चालत आली. आपल्या इतिहासग्रंथांत लढाया, तह आणि सनदा यांना भरपूर जागा मिळाली आहे. वाट ओळखण्याच्या या विद्येला मात्र क्वचितच मिळाली. वस्तुतः कित्येक लढायांचा निकाल लागला तो या विद्येच्याच जोरावर.

ही विद्या केवळ आपल्याच देशापुरती आहे असें नाहीं. १९२३ सालीं नेर्न बंधूंनीं दमास्कस आणि बगदाद यांच्यामधील वाळवंटांतून मोटारींची वाहतूक सुरू केली. पुढें राल्फ बॅग्नोल्ड या इंग्रज अधिकाऱ्यानें साध्या फोर्ड मोटारी घेऊन लिबियाचें वाळवंट पालथें घातलें. त्याला असें आढळून आलें कीं, वाळूचा एक पट्टा मोटारीचा भार सहज पेलतो आणि त्याला लागूनच असलेला, डोळ्यांना हुबेहूब तसाच दिसणारा दुसरा पट्टा चाकें गिळून टाकतो. तेव्हां टायरांतील हवा कमी करणें, रुतलेल्या चाकांखालीं पोलादी पट्ट्या सरकविणें, असे उपाय त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं योजिले. नकाशा त्यांच्याजवळ होता; पण पुढची वाळू चाकाला धरील कीं नाहीं, हें नकाशा सांगत नसे.

आमच्या ठाणें-कल्याणच्या मुलखांत वाळवंट नाहीं. उलट वर्षाकांठीं सुमारें अडीच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. परंतु पेंच तोच आहे. आषाढांत भाताचीं खाचरें भरलीं कीं कालची गाडीवाट आज चिखलाचा तुकडा होऊन बसते. खाडीकांठची खारजमीन वरून सुकून भेगाळलेली दिसते आणि तिच्या पापुद्र्याखालीं मऊ गाळ तसाच असतो. घाट चढून देशावर जावें तर काळी माती. ती उन्हाळ्यांत दगडासारखी आणि पावसांत चाकाला लोळागोळा होऊन चिकटणारी. मुरमाड उंचवटा धरून जाणारी लांबची वाट हीच पावसाळ्यांतली जवळची वाट, हें येथील शेतकऱ्याला कोणी शिकवावें लागत नाहीं. दसऱ्याला सीमोल्लंघन करण्याच्या प्रघातामागेंही हेंच व्यवहारज्ञान होतें. तोंपर्यंत पूर ओसरत, माती घट्ट होई, आणि जनावरांना चारा मिळे.

कल्याणचें वैभव अशा वाटांवरच उभें राहिलें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याच्या ‘पेरिप्लस’ नामक ग्रंथांत कल्याण बंदराचा उल्लेख आहे. त्याच ग्रंथांत पैठण हें भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेर हें पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचें सांगितलें आहे. अंतर दिवसांत मोजण्याची ही रीत फार समंजस आहे. कारण कोसांचा आंकडा तोच राहिला तरी दिवसांचा आंकडा वाटेच्या स्थितीप्रमाणें बदलतो. आणखी एक गोष्ट या ग्रंथांत लक्षांत घेण्याजोगी आहे. कल्याणास येणारीं ग्रीक गलबतें त्या काळीं अडविलीं जाऊन पहाऱ्यांत भडोचला नेलीं जात. पैठणला कल्याण त्याहून पुष्कळ जवळ. तरीहि राजकारणानें जवळची वाट बंद झाली. वाट चांगली कीं वाईट, हें नुसत्या मातीवर ठरत नसतें. ती कोणाच्या हातीं आहे, तेंहि पाहावें लागतें.

कल्याणहून मुरबाडवरून जुन्नरकडे चढणारा नाणेघाट हें सातवाहनांच्या या दूरदृष्टीचें स्मारकच होय. घाटमाथ्यावरील लेण्यांत राणी नागनिकेचा लेख आहे आणि जवळच एक मोठा दगडी रांजण आहे. त्यांत जकातीचें नाणें टाकीत, अशी परंपरा सांगते. पण मला अधिक महत्त्वाचीं वाटतात तीं तेथील खडकांत खोदलेलीं पाण्याचीं टाकीं. चढ कोठें छाती फोडतो, जनावर कोठें थांबतें आणि तहान कोठें लागते, हें ज्यांनीं पायांनीं जाणलें होतें त्यांनींच तीं खोदविलीं असलीं पाहिजेत. पाठाळ बैलांच्या तांड्याला ही वाट उत्तम होती. तोफेच्या गाड्याला तीच वाट म्हणजे भिंत.

वाटेची पारख चुकली म्हणजे काय होतें, याचें उदाहरण सतराव्या शतकांत घडलें. शिवाजी महाराजांनीं १६५७ सालीं कल्याण-भिवंडी घेतली होती. ती परत मिळवावी म्हणून शाइस्तेखानानें १६६१ च्या आरंभीं कारतलबखानास पुण्याहून कोंकणांत धाडलें. ऋतु कोरडा होता, चिखल नव्हता. नुसत्या जमिनीकडे पाहणाऱ्यास वाट निर्धोकच वाटली असती. परंतु ती उंबरखिंडीच्या दाट अरण्यांतून जात होती. फौज एकदां त्या चिंचोळ्या घळींत उतरल्यावर तिला पुढें सरतां येईना आणि मागें वळतांहि येईना. त्यांत पाण्याचे हाल. झाडींत दबा धरून बसलेल्या मराठ्यांनीं दोन्ही तोंडें रोखलीं. अखेर बरोबर असलेल्या रायबागन या शूर स्त्रीच्या सल्ल्यानें खानानें शरणागति पत्करली, खंडणी कबूल केली आणि तो सुटला. परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यांत हा प्रसंग विस्तारानें आला आहे. खानाचें सैन्य लहान नव्हतें. या वाटेनें परत कसें फिरावयाचें, एवढा एकच प्रश्न त्यानें आधीं विचारावयास हवा होता.

तोच धडा इंग्रजांना १७७९ सालीं मिळाला. पनवेलहून बोरघाट चढून पुण्यावर चालून जाणाऱ्या त्यांच्या फौजेंत माणसें सुमारें चार हजार, आणि तोफा व सामान वाहण्यास बैल एकोणीस हजारांच्या वर! एवढें लटांबर घेऊन ती दिवसाला जेमतेम मैल-दोन मैल सरके. तळेगांवास पोंचेपर्यंत मराठ्यांनीं पुढचा मुलूख उजाड केलेला. मग तोफा तळ्यांत ढकलून रातोरात माघार, आणि जानेवारींत वडगांवचा नामुष्कीचा तह. घाट त्यांना चढतां आला होता. तेवढा भार घेऊन त्या वाटेवर जगतां येईल कीं नाहीं, याचा हिशेब चुकला होता.

पुढें सडका झाल्या. १८३० सालीं बोरघाटांतून गाडीरस्ता खुला झाला. १८५३ च्या एप्रिलांत आगगाडी ठाण्याला आणि १८५४ च्या मे महिन्यांत कल्याणला आली. १८६३ सालीं तिनें बोरघाट व १८६५ सालीं थळघाट जिंकला. हा उपकार थोर आहे, यांत शंका नाहीं. गोणी लादलेल्या बैलामागून अनवाणी घाट चढणाऱ्याचे कष्ट ज्यानें मनांत आणून पाहिले असतील, तो जुन्या वाटांचे नुसतेच गोडवे गाणार नाहीं. पण वाटेची काळजी इंजिनियराकडे सोंपवून आपण निश्चिंत झालों, आणि पारख करणारी आपली नजर हळूहळू मंदावली.

वाट मात्र आपला जुना स्वभाव विसरलेली नाहीं. २०१९ च्या जुलईंत २६ तारखेस रात्रीं मुंबईहून कोल्हापुरास निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्यें उल्हास नदीच्या पुरांत अडकली. डब्यांभोंवतीं पाणीच पाणी! दुसऱ्या दिवशीं हजाराहून अधिक प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावें लागलें. सुदैवानें सर्व वांचले. लोखंडी रूळ आपल्या जागींच होते. वाट तेवढी नाहींशी झाली होती.

आज डोंबिवलीचा गृहस्थ कुटुंबासह माळशेजला निघतो तेव्हां खिशांतील फोन त्याला अंतर सांगतो, वेळ सांगतो, कोठें वळावें तेंहि सांगतो. तें साधन उत्तम आहे. तें टाकून द्यावें असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु मोरीवरून वाहणाऱ्या गढूळ पाण्याखालीं रस्ता शिल्लक आहे कीं खचला आहे, हें त्या फोनला कळत नाहीं. तें कांठावर उभ्या असलेल्या गुराख्याला बहुधा ठाऊक असतें. तेथें गाडी थांबवून, कांच खालीं करून, “दादा, पलीकडे जातां येईल का?” एवढें विचारण्यांत कसला कमीपणा आहे? कारतलबखानाला तेवढें सुचलें असतें तर उंबरखिंडीचें नांव इतिहासांत निराळ्या रीतीनें आलें असतें. आणि गुराख्यानें नकारार्थी मान हलविली तर परत फिरावें. घरीं मुलांचा हिरमोड होईल खरा; पण घाट पुढच्या आठवड्यांतहि तेथेंच असणार आहे.