नंबराची पागडी

माझे बाबा वायरमन. दादर, परळ, लालबागच्या चाळींमध्ये त्यांनी तीसेक वर्षं कामं केली, पण स्वतःच्या नावाची पाटी कुठेही लावली नाही. दुकानच नव्हतं, तर पाटी लावणार कुठे? त्यांची पाटी म्हणजे मीटरबॉक्सच्या झाकणाची आतली बाजू. काम संपलं की खिशातून काळा मार्कर काढायचे आणि झाकणाच्या आत दहा आकडे लिहायचे. खाली फक्त ‘वायरमन’. पुन्हा कधी फ्यूज उडाला तर माणूस आधी मीटरबॉक्सच उघडणार, हा त्यांचा साधा हिशोब होता.

२०११ च्या सुरुवातीला त्यांना नेटवर्क बदलायचं होतं. कारणही कामाचंच. जुन्या चाळींत मीटर असतात जिन्याखाली, आणि त्यांच्या कंपनीची रेंज जिन्याखाली जात नव्हती. म्हणजे एका ठिकाणी काम करत असताना दुसऱ्या ठिकाणचं काम हातचं जायचं. मी सहज म्हटलं, “मग नवीन कार्ड घ्या ना.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “आणि झाकणं कोण पुसणार?”

तुम्ही आज एक एसेमेस करता आणि तीन-चार दिवसांत तोच नंबर घेऊन दुसऱ्या कंपनीत जाता. त्यात सांगण्यासारखं काही आहे असंही कुणाला वाटत नाही. पण ही सोय कुठल्याही कंपनीने आपण होऊन दिलेली नाही. नंबर नक्की कोणाचा, या प्रश्नाचं उत्तर बदलायला शंभराहून जास्त वर्षं लागली. आणि ते अजून पूर्ण बदललेलं नाही.

तारेचा पत्ता

टेलिफोन आला तेव्हा त्याला नंबरच नव्हते. एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर बसायचे, त्यांना नाव सांगायचं, ते जोडून द्यायचे. १८७९ मध्ये अमेरिकेतल्या लॉवेल गावात गोवराची साथ आली. तिथले एक डॉक्टर, मोझेस पार्कर, यांना काळजी वाटली की गावातले सगळे ऑपरेटर एकदम आजारी पडले तर नव्या माणसांना कोणाची तार कुठली हे कळणार कसं? त्यांनी सुचवलं, प्रत्येक तारेला आकडा द्या. टेलिफोन नंबरची गोष्ट सांगताना ही हकिगत नेहमी सांगितली जाते. त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी की आकडा मिळाला तो तारेला. माणसाला नव्हे.

मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं १८८२ मध्ये, आणि पुढची शंभरेक वर्षं हाच नियम चालला. नंबरातले पहिले आकडे एक्स्चेंज सांगायचे, उरलेले त्या एक्स्चेंजमधली तार. तुम्ही गिरगावातून बोरिवलीला बिऱ्हाड हलवलं की तुमचा नंबर गिरगावातच राहायचा, कारण तार तिथेच राहिली. फोन मिळायलाच वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, त्यामुळे त्याची तक्रार कोण करणार?

आमच्याकडे तर तोही फोन नव्हता. बाबांच्या जुन्या बिलबुकावर नंबर आहे तो पहिल्या मजल्यावरच्या काकूंचा, पुढे कंसात ‘पी. पी.’. तुमच्यातल्या अनेकांनी ही दोन अक्षरं फक्त जुन्या लग्नपत्रिकांवर पाहिली असतील. अर्थ एवढाच, की फोन शेजाऱ्यांचा आहे, आम्हाला बोलवून देतील. काकू गॅलरीतून हाक मारायच्या. दुपारी झोपायची वेळ असेल तर मारायच्या नाहीत, आणि ते काम गेलं.

चार आकड्यांची कंपनी

३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्यातून दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना मोबाइलवरून फोन केला. हा देशातला पहिला मोबाइल कॉल. त्याच वर्षी मुंबईतही दोन कंपन्या आल्या. एकीचे नंबर ९८२० ने सुरू होत, दुसरीचे ९८२१ ने. मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. त्यामुळे ज्यांच्याकडे तेव्हापासूनचा नंबर होता, ते पुढे कित्येक वर्षं पहिले चार आकडे जरा सावकाश, ठासून सांगायचे.

पण त्या चार आकड्यांत एक मेख होती. आता तार नव्हती, फोन खिशात घालून कुठेही फिरता येत होतं, तरी नंबर मात्र बांधलेलाच होता. पूर्वी एक्स्चेंजला, आता कंपनीला. पहिल्या आकड्यांवरून कॉल कुठल्या कंपनीकडे वळवायचा ते ठरायचं. कंपनी सोडायची तर नंबर सोडायचा.

मे २००३ पासून आलेला फोन फुकट झाला आणि मोबाइल फक्त साहेबलोकांचा राहिला नाही. सुतार, प्लंबर, रिक्षावाले, घरकाम करणाऱ्या मावश्या, सगळ्यांना पहिल्यांदाच स्वतःचा असा पत्ता मिळाला. बाबांनीही त्याच सुमारास मोबाइल घेतला. मार्करही त्याच आठवड्यात आला. ज्याच्याकडे दुकान आहे तो नंबर बदलल्यावर शटरवर नवा रंगवू शकतो. ज्याचं दुकान म्हणजेच नंबर, तो काय करणार?

२००९ मध्ये सेकंदाला एक पैसा असा दर आला आणि कंपन्यांची दरांची लढाई पेटली. स्वस्त दर सगळ्यांनाच हवा होता, जुना नंबर कुणालाच सोडायचा नव्हता. मग लोकांनी दोन सिमवाले फोन घेतले. एक कार्ड येणाऱ्या कॉलसाठी, एक करायच्या कॉलसाठी.

रोहतक ते मुंबई

बाहेर हे कोडं आधीच सोडवलं गेलं होतं. सिंगापूरने १९९७ मध्ये सुरुवात केली. ब्रिटन, हाँगकाँग, नेदरलँड्स १९९९ मध्ये आले. अमेरिकेत कंपन्या कोर्टात गेल्या, हरल्या, आणि नोव्हेंबर २००३ पासून तिथेही नंबर नेता येऊ लागला. आपल्या शेजारी पाकिस्तानात २००७ मध्ये सुरू झालं.

आपल्याकडे ट्रायने मार्च २००६ मध्येच शिफारस केली होती. नियम निघाले सप्टेंबर २००९ मध्ये. ३१ डिसेंबर २००९ ही महानगरांसाठीची मुदत ठरली, ती हुकली, मग पुढची, मग त्यापुढची. कंपन्यांना घाई का असेल? ग्राहक जाऊ शकत नाही, यासारखी निवांत गोष्ट धंद्यात दुसरी नसते. अखेर २५ नोव्हेंबर २०१० ला हरियाणातल्या रोहतकमध्ये सुरुवात झाली आणि २० जानेवारी २०११ ला पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते सगळ्या देशात. नंबर नेण्याचं शुल्क होतं जास्तीत जास्त १९ रुपये.

यामागची युक्ती सोपी आहे. आता नंबरातल्या आकड्यांवरून कंपनी ठरत नाही. मध्ये एक मोठी वही ठेवली आहे असं समजा. कुठलाही कॉल लावला की आधी वहीत पाहायचं, हा नंबर सध्या कोणाकडे राहायला आहे, आणि मग तिकडे वळवायचा. तुम्ही १९०० वर ‘पोर्ट’ लिहून, पुढे नंबर लिहून पाठवता, तेव्हा आठ अक्षर-आकड्यांचा एक कोड मिळतो. तो नव्या कंपनीला दिला की सगळी खातरजमा होऊन वहीतली नोंद बदलते. १८७९ मध्ये तारेला चिकटलेला आकडा इथे सुटा झाला.

एक अट मात्र होती. नंबर आपल्या सर्कलबाहेर जाणार नाही. आणि मुंबई हे एक सर्कल, तर उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. म्हणजे गडचिरोलीचा नंबर पणजीत चाले, पण पुण्याचा नंबर मुंबईचा होऊ शकत नव्हता. मी पुण्यात शिकत होतो. २०१३ मध्ये घरी परतलो, पुण्याच्या नंबरला रिचार्ज करणं हळूहळू सोडलं आणि तो गेला. देशभर कुठेही नंबर नेण्याची सोय झाली ३ जुलै २०१५ ला. तोवर माझ्या जुन्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅपला ट्रॅक्टरशेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी गृहस्थाचा फोटो दिसू लागला होता.

करार संपताना

बाबांनी २०११ च्या फेब्रुवारीत अर्ज केला. नाकारला गेला. कारण होतं करार. आदल्या वर्षी त्यांनी कमी मासिक भाड्याची एक पोस्टपेड स्कीम घेतली होती आणि वर्षभर राहीन म्हणून सही केली होती. सही करताना कुणी वाचतं का? नियमांतच तशी तरतूद आहे. करारातून बाहेर पडायच्या अटी पाळलेल्या नसतील, तर जुनी कंपनी नंबर सोडायला नकार देऊ शकते. बिल थकलेलं असेल तरीही. त्या कंपनीत येऊन ९० दिवस झालेले नसतील तरीही.

करार एप्रिलमध्ये संपत होता. ते दोन महिने बाबा जिन्याखाली काम करताना दर अर्ध्या तासाने रस्त्यावर येऊन फोन पाहायचे. जसजशी तारीख जवळ आली तसतसे कंपनीचे गोड फोन येऊ लागले. “सर, तुमच्यासाठी खास ऑफर आहे.” बाबांना उभ्या आयुष्यात कोणी इतक्यांदा सर म्हटलं नव्हतं. वैतागून ते म्हणाले, “सरळ बंदच करून टाकतो यांचं कार्ड, मग जातो दुसरीकडे.”

इथे ते नंबर कायमचा घालवणार होते. जुनं कार्ड आधी बंद केलं तर न्यायला काही उरतच नाही, कारण नंबर नेता येतो तो फक्त चालू असताना. कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानातल्या मुलाने त्यांना थांबवलं. “काका, काहीही बंद करू नका. करार संपू दे, शेवटचं बिल भरा, पावती ठेवा, मग कोड मागवा. जुनं आपोआप बंद होईल.” तसंच केलं. एका रात्री जुनं कार्ड गप्प झालं आणि सकाळी नव्या कार्डावर तोच नंबर वाजला. अर्ज करून कोड मिळाल्यानंतरच्या शेवटच्या दिवसांचं बिल नंतर घरी आलं, तेही त्यांनी लगेच भरलं. ते थकवलं असतं तर जुनी कंपनी नव्या कंपनीला सांगून नंबर बंद पाडू शकली असती.

नेटवर्कच संपतं तेव्हा

आपला करार संपणं वेगळं. २०१४ मध्ये मुंबईत कंपनीचाच करार संपला. त्या ९८२१ वाल्या कंपनीचं नाव तोवर बीपीएलवरून लूप झालं होतं. तिचा २० वर्षांचा परवाना २९ नोव्हेंबर २०१४ पर्यंत होता. फेब्रुवारीत एअरटेलने सुमारे ७०० कोटींना ती घ्यायचं जाहीर केलं. साधारण ३० लाख ग्राहक आपोआप तिकडे गेले असते. पण नोव्हेंबरात तो व्यवहार मोडला आणि शहरातले कितीतरी सर्वांत जुने नंबर काही आठवड्यांत दुसरीकडे हलवायची वेळ आली. दुकानांपुढे एकच गर्दी उसळली. सोय २०११ मध्ये आली नसती, तर ते सगळे नंबर त्या मध्यरात्री कंपनीबरोबरच बुडाले असते.

२०१८ च्या फेब्रुवारीत एअरसेल दिवाळखोरीत गेली, तेव्हा आणखी एक गोम कळली. कोड मागायचा एसेमेस जुन्याच कार्डावरून करावा लागतो. टॉवरच बंद पडले तर तो जाणार कुठून? बुडणाऱ्या जहाजाच्या कप्तानाची सही घेऊनच होडीत बसायचं, तशातला प्रकार.

मालक नाही, भाडेकरू

मग नंबर आपला झाला का? आमच्या चाळीत पागडीची खोली आहे. आजोबांनी पागडी भरली, आम्ही तिथे जन्मलो, कोणी सहज काढू शकत नाही. पण मालक आम्ही नाही, आणि भाड्याची पावती दर महिन्याला फाडावी लागते. नंबराचं तसंच आहे. तो सरकारच्या क्रमांक योजनेतला, कंपनीला वापरायला दिलेला आणि कंपनीने आपल्याला. २०११ ने आपल्याला एवढाच हक्क दिला की घरमालक बदलला तरी खोली तीच राहील. भाडं चुकलं की खोली जाते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ट्रायने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की बंद झालेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्याला दिला जात नाही. त्यानंतर दिला जाऊ शकतो. आज त्या दहा आकड्यांना बँक, आधार, गॅस, पीएफ सगळं जोडलेलं आहे, आणि बाबांच्या मार्करपेक्षा ते पुसणं कितीतरी अवघड आहे. म्हणून प्लॅन संपत आला की आधी कोड मागवा, मग विचार करा. कोडही बहुतेक ठिकाणी चारच दिवस टिकतो.

बाबांनी काम सोडून आता चार वर्षं झाली. नंबर चालू आहे. मी एकदा म्हटलं, आता कशाला दर महिन्याला रिचार्ज? ते काही बोलले नाहीत.

गेल्या पावसाळ्यात रात्री अकराला फोन वाजला. परळच्या एका चाळीत लाइट गेली होती आणि कुणा मुलाने मोबाइलच्या उजेडात मीटरबॉक्सचं झाकण उघडलं होतं. “काका, इथे आत नंबर लिहिलाय म्हणून केला.” बाबा उठून बसले. “आधी पायात चप्पल घाल,” ते म्हणाले. “हात ओला नाही ना? आता मेन स्विच खाली कर. डावीकडून दुसरं कटआउट दिसतंय? कशाला हात लावू नकोस, मला फक्त सांग, ते काळं पडलंय का?”