व्यावसायिक फुटबॉलमधील शिरोघात : शौर्य की व्यवसायजन्य रोग?

इ. स. १९६२ च्या जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत जर्नेलसिंग या पिछाडीच्या खेळाडूच्या डोक्यास मार बसून टाके घालावे लागले. तथापि प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्यास विश्रांती न देता आघाडीस खेळविले. ४ सप्टेंबर रोजी दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने गोलही केला व भारताने २-१ असे सुवर्णपदक पटकाविले. मुंबईच्या टाटा क्लबचा फॉर्च्युनाटो फ्रँको याच संघात होता. ही हकीकत शौर्यकथा म्हणूनच सांगितली जाते, आणि ती शौर्याची आहेही. परंतु टाके घातलेल्या मस्तकाने पुन्हा चेंडूस भिडणे हा खेळाचाच भाग समजला जाई, ही गोष्ट इतिहासाच्या दृष्टीने अधिक बोलकी होय. बदली खेळाडूची सोय विश्वचषकात प्रथम मिळाली ती १९७० साली.

मुंबईत हा खेळ पुष्कळसा पावसाळ्यातच खेळला जाई. चामड्याचा चेंडू पाणी शोषून जड होई. जुना चेंडू मुळातच वजनदार होता, ही समजूत मात्र खरी नव्हे. कोरड्या चेंडूचे नियमाने ठरलेले वजन १९३७ पासून १४ ते १६ औंसच राहिले आहे. आजचा चेंडू भिजत नाही, पण वेगाने येतो. तेव्हा धोका चामड्याबरोबर संपला असे मानण्यास आधार नाही.

वेस्ट ब्रॉमविच आल्बियनचा आघाडीचा खेळाडू जेफ ॲस्टल २००२ साली, वयाच्या ५९ व्या वर्षी, स्मृतिभ्रंशाने खंगून वारला. मृत्युचौकशीत त्याच्या मरणाचे कारण व्यवसायजन्य रोग असे ठरले. पुढे २०१९ मध्ये ग्लासगो येथील संशोधकांनी स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंच्या मृत्युनोंदी तपासल्या. मेंदूच्या ऱ्हासरोगांनी होणारे मृत्यू त्यांच्यात सामान्यांच्या सुमारे साडेतीनपट आढळले. हृदयविकाराचे मात्र कमी. २०२१ च्या पुढील विवेचनात पिछाडीच्या खेळाडूंत हे प्रमाण सर्वाधिक, तर गोलरक्षकांत जवळजवळ सामान्यांइतकेच दिसले. डोक्याने चेंडू मारण्याकडे बोट दाखविणारा याहून सूचक पुरावा क्वचितच मिळेल. जुलै २०२४ पासून मेंदूस हादरा बसलेल्या खेळाडूसाठी जादा बदली खेळाडू देण्याची मुभा नियमांत आली. परंतु ती ऐच्छिक आहे, आणि एकेका ठळक आघातापुरतीच उपयोगी.

मुंबईत प्रश्न आणखी गुंतागुंतीचा. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स आदी संघांतून खेळणारा माणूस हजेरीपटावर नोकर असे, मैदानावर खेळाडू. मग सामन्यात झालेली इजा कामावर असताना झाली म्हणावयाची काय? आणि वीस-तीस वर्षांनी जडलेला विकार? १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला जोडलेल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसविकारास पुढे स्थान मिळाले. गिरणीच्या कामगारास त्यामुळे दाद मागता येई. त्याच गिरणीच्या सेंटर हाफच्या मस्तकाचा उल्लेख त्या यादीत नव्हता.