कारवानी आणि पश्मी : केशावरण, नाव व मानक

वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे प्रमुख श्रद्धास्थान होय. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून दख्खनभर हिंडणाऱ्या ह्या समाजाच्या लदेणीला, १८६७ साली नागपूरपर्यंत पोहोचलेल्या लोहमार्गाने मोठा धक्का दिला. दख्खनमधील सडपातळ शिकारी कुत्र्याचे ‘कारवान’ हे नाव अशाच फिरस्त्या जीवनाची आठवण जपते. मात्र तांड्याचा राखणदार आणि सशामागे धावणारा हा कुत्रा एकाच वंशाचे होते, असा निष्कर्ष केवळ नावावरून काढणे धाडसाचे ठरेल.

ह्या कुत्र्याची दोन रूपे प्रचलित आहेत. आखूड, अंगासरशी बसलेल्या केसांचा तो कारवानी. कान, पाय व शेपूट यांवर झालरीसारखे लांब केस असलेला तो पश्मी. फारसीत ‘पश्म’ म्हणजे लोकर. एक नाव वाटेवरून पडले, दुसरे अंगावरच्या केसांवरून. बोलीतील हे वर्णन पुढे वाणाची सीमा मानले गेले, आणि खरा प्रश्न तेथेच उद्भवतो.

कुत्र्यांच्या केशावरणातील बहुतेक वैविध्य अवघ्या तीन जनुकांवर अवलंबून असते, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन संशोधनाने दाखविले. लांब केसांचे लक्षण बहुतेक वाणांत अप्रभावी असते. त्यामुळे आखूड केसांच्या जोडप्यालाही लांब केसांचे पिलू होऊ शकते. अशा पिलाला परके ठरविणारे मानक वंशाचे नव्हे, केसांचेच रक्षण करते. (आखूड केसांचे कुत्रे केस गाळत नाही, हा समजही निराधार आहे.)

इंग्लंडमधील जॅक रसेल टेरियरचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. डेव्हन परगण्यातील पाद्री जॉन रसेल (१७९५–१८८३) यांनी कोल्ह्याच्या शिकारीसाठी जोपासलेल्या ह्या लहान कुत्र्याच्या मानकात गुळगुळीत, मिश्र व खरबरीत अशी तिन्ही केशावरणे ग्राह्य आहेत. केस ऊनपावसाला टिकणारे असावेत, एवढीच अपेक्षा. कामाच्या कुत्र्याला हीच कसोटी अधिक न्याय्य होय.

दख्खनमध्ये नावाचा गुंता राजाश्रयाने वाढविला. मुधोळ संस्थानचे अधिपती मालोजीराव घोरपडे यांनी ह्या कुत्र्यांची निवडक पैदास केली. पाचव्या जॉर्ज बादशहांना एक जोडी भेट दिल्यानंतर ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झाले, अशी परंपरा आहे. केनेल क्लब ऑफ इंडियाने मात्र ‘कॅरव्हान हाउंड’ हे नाव स्वीकारले. वऱ्हाडातील तांड्यांवरच्या कुत्र्यांचा अभ्यास करणाऱ्याने ह्या नावांपेक्षा एकाच वेतातील पिलांच्या केसांची नोंद आधी करावी. तिचे मोल वंशावळीच्या दाखल्याहून अधिक आहे. ९ जानेवारी २००५ रोजी भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर चार तिकिटे काढली, तेव्हा त्यांतील एकावर नाव छापले गेले ते मुधोळचेच.