लिनक्स : मराठी नवशिक्यांचा प्रवेश व खानदेश

लिनक्स : संगणकाची एक मुक्त परिचालन प्रणाली. संगणकाची यंत्रसामग्री व तीवर चालणाऱ्या आज्ञावल्या यांच्यामध्ये राहून दोहोंचा मेळ घालणाऱ्या मूलभूत आज्ञावलीस परिचालन प्रणाली म्हणतात [⟶ संगणक]. महाजालकावरील मोठे सेवासंगणक, महासंगणक व अँड्रॉइड जातीचे भ्रमणध्वनी यांच्या मुळाशी लिनक्सचा गाभा आहे. तथापि घरातील किंवा कचेरीतील मेजावरच्या संगणकावर, म्हणजे ‘डेस्कटॉप’वर, तिचा प्रसार मर्यादित राहिला. या प्रसाराचा इतिहास मुख्यतः नवशिक्याच्या अडचणींचा व त्या दूर करणाऱ्या मदतीचा इतिहास आहे. प्रस्तुत नोंदीत मराठी प्रदेशातील, विशेषतः मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या जळगाव व धुळे या खानदेशातील जिल्ह्यांच्या संदर्भात त्याचा आढावा घेतला आहे.

उगम व स्वरूप : अमेरिकन संगणकतज्ज्ञ रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ या प्रकल्पाची घोषणा केली. वापरणाऱ्यास कोणत्याही कामासाठी चालविता येईल, तपासता व बदलता येईल, तसेच मूळ वा सुधारलेल्या रूपात दुसऱ्यास देता येईल, अशी संपूर्ण परिचालन प्रणाली उभारणे हे त्याचे उद्दिष्ट होते. तिचे बहुतेक भाग तयार झाले, परंतु गाभा अपुरा राहिला. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरव्हाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये असा गाभा लिहून प्रसृत केला आणि १९९२ मध्ये तो ग्नूच्या सार्वजनिक परवान्याखाली आणला. गाभा, ग्नूची उपकरणे व इतर आज्ञावल्या एकत्र बांधून दिलेल्या संचास ‘वितरण’ म्हणतात. स्लॅकवेअर व डेबियन ही वितरणे १९९३ मध्ये सुरू झाली. आरंभीच्या वितरणांत आज्ञा टंकूनच बहुतेक कामे करावी लागत. केडीई (१९९६) व नोम (१९९७) हे प्रकल्प सुरू झाल्यावर खिडक्या, चित्रखुणा व माउस यांच्या साहाय्याने चालणारे सुबोध डेस्कटॉप लिनक्सला मिळू लागले.

भारतातील आरंभ : १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात भारतातील संगणकविषयक नियतकालिकांनी अंकासोबत लिनक्सच्या चकत्या देण्यास प्रारंभ केला. दूरध्वनीच्या तारेवरून शेकडो मेगाबाइटांची माहिती उतरवून घेणे त्या काळी जवळजवळ अशक्य असल्याने या चकत्यांना मोठे महत्त्व होते. मुंबई व पुणे येथे लिनक्स वापरणाऱ्यांची मंडळे स्थापन झाली. अशा मंडळांच्या मेळाव्यांत नवशिका आपला संगणक घेऊन येई व जाणकार त्याच्यादेखत त्यावर लिनक्स बसवून देत. मोबदला न घेता शिकविणे व शिकलेल्याने पुढच्यास शिकविणे, ही या मंडळांची रीत होती.

खानदेशातील परिस्थिती : जळगाव शहर मुंबई व पुणे या दोहोंपासून सुमारे ४०० किमी. अंतरावर आहे. जळगाव, धुळे आणि १९९८ मध्ये धुळ्यापासून वेगळा झालेला नंदुरबार या जिल्ह्यांसाठी १९९० मध्ये जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१८ मध्ये त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. जळगावचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (१९९६) तसेच बांभोरी, फैजपूर, शिरपूर, धुळे इ. ठिकाणची अभियांत्रिकी महाविद्यालये यांमुळे या भागात संगणकशास्त्राचे शिक्षण उपलब्ध झाले. परिचालन प्रणाली हा विषय शिकताना विद्यार्थ्यास युनिक्स व लिनक्स यांची ओळख प्रयोगशाळेत होई. मात्र प्रयोगशाळेतील आज्ञांचा अभ्यास व घरच्या संगणकावरील नित्य वापर यांत बरेच अंतर होते.

सामान्य जनांची संगणकाशी पहिली ओळख वेगळ्या मार्गाने झाली. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम २००१ मध्ये सुरू झाला आणि तालुक्यांच्या गावांपर्यंत त्याची केंद्रे पोहोचली. शासकीय नोकरीसाठी या प्रमाणपत्राचा उपयोग होत असल्याने फार मोठ्या संख्येने लोकांनी तो पूर्ण केला. त्यातील शिक्षण प्रामुख्याने मायक्रोसॉफ्टच्या विंडोज व ऑफिस या आज्ञावल्यांच्या आधारे दिले जाई. त्यामुळे संगणक म्हणजे विंडोज, असे समीकरण रूढ झाले. लिनक्सकडे वळणाऱ्यास नवे शिकण्याबरोबर आधीचे काही विसरावेही लागत असे.

नवशिक्याच्या अडचणी : पहिली अडचण जोडणीची होती. त्या काळच्या घरगुती संगणकांत बसविलेले अनेक स्वस्त मोडेम विंडोजसाठीच लिहिलेल्या आज्ञावलीवर विसंबून असत व ते लिनक्सवर चालत नसत. लिनक्सविषयीचे साहाय्य महाजालकावर आणि महाजालकाशी जोडणी मात्र लिनक्सवर नाही, असा पेच निर्माण होई. पुढे बाहेरून जोडावयाचे ब्रॉडबँड मोडेम आले. ते जालपत्त्याला साध्या तारेने जोडता येत असल्याने हा पेच बव्हंशी सुटला.

दुसरी अडचण विजेची होती. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दीर्घकाळ भारनियमन चाले. हार्ड डिस्कचे विभाग लहानमोठे करीत असताना वीज गेल्यास डिस्कवरील आधीची माहिती नष्ट होण्याचा धोका असतो. घरात एकच संगणक व त्यात दुकानाचे हिशेब किंवा मुलांचा अभ्यास असेल, तर हा धोका पत्करणे सोपे नव्हते.

या दोन्ही अडचणींवर ‘थेट चकती’ हा उपाय उपयुक्त ठरला. जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांच्या क्नॉपिक्सने (२०००) तो लोकप्रिय केला. चकतीवरूनच संपूर्ण प्रणाली चालू होते, हार्ड डिस्कला हात लागत नाही व चकती काढून संगणक पुन्हा सुरू केला की पूर्वीची प्रणाली जशीच्या तशी दिसते. २००४ मध्ये निघालेल्या उबुंटू या वितरणाच्या चकत्या २००५ ते २०११ या काळात मागणी करणाऱ्यास टपालाने विनामूल्य पाठविल्या जात. त्यामुळे टपाल पोहोचणाऱ्या कोणत्याही गावी लिनक्स पोहोचणे शक्य झाले.

मराठीचा प्रश्न : तिसरी अडचण भाषेची व अधिक खोलवरची होती. मराठी मजकूर दीर्घकाळ खाजगी संकेतांच्या टंकांत साठविला जाई. ज्या कंपनीचा टंक त्याच कंपनीच्या आज्ञावलीत तो वाचता येई. लिनक्सवर उघडल्यास त्याजागी रोमन अक्षरांची अर्थहीन ओळ दिसे. सहकारी संस्था, वर्तमानपत्रे, छापखाने व शाळा यांचे वर्षानुवर्षांचे दस्तऐवज या संकेतांत अडकलेले असल्याने प्रणाली बदलणे म्हणजे स्वतःच्या कागदपत्रांना मुकणे ठरे. हे अवलंबित्व परिचालन प्रणालीच्या किंमतीपेक्षा अधिक बंधनकारक होते.

त्यावरील उपाय समान संकेत हाच होता. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८६ मध्ये इन्स्क्रिप्ट हा कळफलक प्रमाणित केला. १९९१ मध्ये इस्की हा भारतीय लिप्यांचा संकेत भारतीय मानक म्हणून स्वीकारला गेला. त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीस इस्कीच्या आधीच्या आवृत्तीनुसार स्थान मिळाले. संकेत ठरला तरी जोडाक्षरे पडद्यावर नीट रेखाटणारी यंत्रणा हवी होती. नोम डेस्कटॉपच्या २००२ च्या आवृत्तीपासून ‘पँगो’ या आज्ञावलीने ते काम होऊ लागले. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये ‘लोहित’ हे टंक मुक्त परवान्याखाली खुले केले.

मराठीच्या काही गरजा हिंदीहून वेगळ्या आहेत. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातील अर्धा र रफाराने लिहिल्यास शब्द अशुद्ध होतो, तर ‘आचार्यास’ व ‘आचाऱ्यास’ यांत अर्थच बदलतो. हा र दाखविण्यासाठी युनिकोडमध्ये स्वतंत्र तरतूद आहे, परंतु ती कळफलकावर व टंकात उतरली तरच वापरणाऱ्याच्या उपयोगी पडते. ‘ॲ’ या अक्षरास युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. खानदेशासारख्या शेतीप्रधान प्रदेशात ‘शेतकऱ्यांना’ हा शब्दच नीट उमटत नसेल, तर ती प्रणाली कचेरीत कोणी स्वीकारणार नाही, हे उघड आहे.

डेस्कटॉपवरील सूचनांचे मराठी भाषांतर प्रामुख्याने स्वयंसेवकांनी व रेड हॅटच्या पुणे येथील भाषा-गटाने केले. ‘फाइल’ ठेवावे की ‘धारिका’ म्हणावे, असे प्रश्न त्यात पदोपदी आले. वारंवार येणाऱ्या शब्दांत एकवाक्यता आणण्यासाठी २००८ मध्ये ‘फ्युएल’ हा प्रकल्प सुरू झाला. डेबियनच्या २००९ च्या आवृत्तीत प्रणाली बसविण्याच्या सूचनाही मराठीत उपलब्ध झाल्या. मात्र साध्या अक्षर-पडद्यावर देवनागरी रेखाटता येत नसल्याने त्या चित्रमय पद्धतीतच दिसत. सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने २००७ मध्ये काढलेल्या ‘बॉस’ या भारतीय वितरणातही मराठीचा अंतर्भाव होता.

प्रत्यक्ष पद्धती : नवशिक्यास लिनक्सचा परिचय करून देण्याची एक क्रमबद्ध रीत अनुभवातून रूढ झाली आहे. प्रथम महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या साधनावर घेतात. वितरणाची निवड संगणकाच्या स्मृतीनुसार करतात. जुन्या यंत्रास एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप मानवतो. पूर्वीच्या चकतीची जागा आता पेन ड्राइव्हने घेतली असून तीवरून प्रणाली चालवून पडदा, ध्वनी, बिनतारी जोडणी व छपाईयंत्र नीट चालतात की नाही ते पाहतात. त्यानंतरच ती डिस्कवर बसवितात. विंडोज ठेवावयाची असल्यास तिच्याशेजारी स्वतंत्र विभाग करतात व सुरू करतेवेळी कोणती प्रणाली हवी, याची निवड वापरणाऱ्याकडे राहते. वीज जाण्याचा संभव असल्यास हे काम भारित घटमाला असलेल्या संगणकावर किंवा बॅटरी-आधार देऊनच करतात. शेवटी मराठी कळफलक जोडतात व नव्या आज्ञावल्या वितरणाच्या स्वतःच्या भांडारातून कशा घ्याव्यात ते दाखवितात. अनोळखी स्थळांवरून आज्ञावल्या उतरविण्याची सवय येथे मोडावी लागते. लिनक्सच्या सुरक्षिततेत या शिस्तीचा वाटा मोठा आहे.

ध्वनिपाठांचा प्रयोग : मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली केंद्र शासनाच्या साहाय्याने ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम सुरू झाला. दूरच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने तो विशेष महत्त्वाचा आहे. सुमारे दहा मिनिटांच्या प्रत्येक पाठात संगणकाचा पडदा दिसतो व कृती करीत असतानाच तिचे वर्णन ऐकू येते. विद्यार्थ्याने एका खिडकीत पाठ व दुसऱ्या खिडकीत प्रत्यक्ष आज्ञावली उघडून तीच कृती करावयाची असते. उबुंटूचा डेस्कटॉप, आज्ञावल्यांची भांडारे, मूलभूत आज्ञा, फाइलींची रचना इ. विषयांवरील पाठ मराठीतही आहेत. पडद्यावरील मजकूर इंग्रजीच ठेवून केवळ निवेदन भारतीय भाषांत करावयाचे, हे त्यामागील धोरण आहे. समजण्यास मातृभाषा व नोकरीत उपयोगी पडण्यास इंग्रजी शब्द, असा दुहेरी हेतू त्यामुळे साधतो. शिक्षक अनुपस्थित असताना स्वतः शिकता यावे, अशीच या पाठांची रचना आहे.

तथापि खानदेशातील अनेक घरांत प्रमाण मराठी ही देखील शाळेत शिकलेली भाषा असते. धुळे व जळगाव जिल्ह्यांच्या मोठ्या भागात अहिराणी, पूर्वेकडे लेवा बोली आणि सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्ली व पावरी या बोली चालतात. अशा विद्यार्थ्यापुढे पडद्यावर इंग्रजी, निवेदनात मराठी व मनात बोली, अशा तीन पायऱ्या असतात. शेवटची पायरी शेजारी बसलेला जाणकारच उतरून देऊ शकतो. भाषांच्या आंतरराष्ट्रीय संकेतसूचीत अहिराणीस स्वतंत्र संकेत आहे. लिनक्सचे भाषांतर करण्यास कोणत्याही कंपनीची अनुमती लागत नसल्याने ज्या भाषेला मोठी बाजारपेठ नाही तिलाही डेस्कटॉपवर येण्याचा मार्ग मोकळा राहतो. मात्र तो चालून जाण्यास माणसे लागतात. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने (१९२७) जतन केलेल्या कागदपत्रांची मोडी लिपी २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आली व तिचा मुक्त टंकही उपलब्ध आहे. व्यापारी उपयोग संपलेल्या लिपीसही अशा रीतीने संगणकावर स्थान मिळू शकते.

मूल्यमापन : केरळ राज्याने शालेय संगणक-शिक्षण २००८ च्या सुमारास संपूर्णपणे मुक्त प्रणालीवर आणले. तेथील यशाचे मुख्य कारण शिक्षकांच्या प्रशिक्षणाची सलग साखळी हे होते. महाराष्ट्रात तंत्रज्ञ, भाषांतरकार व पाठ तयार झाले, परंतु प्रत्येक तालुक्यात विचारण्याजोगा माणूस असेल अशी साखळी राज्यव्यापी स्वरूपात उभी राहिली नाही. परिणामी लिनक्स महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत स्थिरावली, पण घरांत व शाळांत तिचा प्रवेश व्यक्तिगत आवडीवर अवलंबून राहिला.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य संपुष्टात आल्यानंतर या प्रश्नास नवे महत्त्व आले आहे. यंत्रदृष्ट्या सुस्थितीत असलेले अनेक संगणक विंडोज ११ च्या अटी पूर्ण करीत नाहीत. लिनक्समुळे ते आणखी काही वर्षे वापरता येतात. फार जुन्या ३२-बिट यंत्रांना मात्र हा आधारही कमी होत असून, डेबियनच्या २०२५ च्या आवृत्तीने त्यांच्यासाठीची बसवणी थांबविली. ज्या कुटुंबास नवा संगणक घेणे परवडत नाही, त्याच्या दृष्टीने हा फरक मुलाच्या शिक्षणाचा आहे. प्रणाली विनामूल्य मिळते, टंक व कळफलक तयार आहेत, पाठही मराठीत आहेत. उणीव आहे ती पहिल्या दिवशी शेजारी बसून धीर देणाऱ्या शिक्षकाची. ती जेथे भरून निघाली तेथे लिनक्स टिकली, असेच तिच्या आजवरच्या इतिहासावरून दिसते.