माळावरचा गोल्फ

खेळांच्या बाबतीत माझं मत पहिल्यापासून स्वच्छ आहे. ज्यात धावावं लागतं तो खेळ तरुणांचा, ज्यात बसावं लागतं तो म्हाताऱ्यांचा आणि ज्यात सावकाश चालावं लागतं तो साहेबांचा. गोल्फ हा तिसऱ्या प्रकारात मोडतो. बीड जिल्ह्यात जन्मलेल्या, बी.कॉम. होऊन बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षं बसलेल्या माणसाचा त्याच्याशी संबंध यायचं काही कारण नव्हतं. पण आमच्या शाखेत नवे मॅनेजर आले आणि तो आला.

मॅनेजरसाहेबांचा एक सिद्धांत होता. बढतीची मुलाखत केबिनमध्ये होते हा भ्रम आहे. ती गोल्फच्या मैदानावर होते आणि केबिनमध्ये नुसता निकाल वाचून दाखवतात. तेव्हा गोल्फ शिकणं आलं. आता आमच्याकडे पाण्याचा टँकर वेशीत दिसला की हंड्यांची रांग लागते. तिथे गवताला पाणी पाजून अठरा खड्ड्यांचं मैदान कोण करणार? पण साहेबांनी माणूस शोधून काढला. जवळच्या वाडीचा एक जण पुण्यातल्या एका गोल्फ मैदानावर वीस-बावीस वर्षं कॅडी होता, म्हणजे खेळणाऱ्यांच्या काठ्यांची पिशवी वाहायचा. जत्रेसाठी तो गावी आला होता. रविवारी सकाळी सात ते संध्याकाळी सहा, गावाबाहेरच्या माळावर सामुदायिक शिकवणी. माणशी शंभर रुपये, जेवण ज्याचं त्याने आणायचं. विद्यार्थी सहा: साहेब, कॅशियर, शाळेचे दोन मास्तर, औषधांचे दुकानदार आणि मी. मी गेलो, कारण सुट्टीचा अर्ज साहेबांकडेच करावा लागतो.

मी मुळात कारकून. नवं काम आलं की आधी जुनी फाईल काढतो. गोल्फचीही काढली. आणि वाचकहो, सांगायला आनंद होतो की या खेळाच्या इतिहासाची सुरुवातच कचेरीच्या कागदांनी झाली आहे. पहिला ठळक कागद म्हणजे मनाई हुकूम. 1457 साली स्कॉटलंडच्या पार्लमेंटने गोल्फ आणि फुटबॉल या दोन्हींवर बंदी घातली, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून चेंडूच्या मागे लागले होते. पुढे 1471 मध्ये पुन्हा बंदी. 1491 मध्ये पुन्हा. एकाच विषयावर तीन परिपत्रकं निघाली की पहिल्या दोन परिपत्रकांचं काय झालं असेल हे बँकेतल्या माणसाला सांगावं लागत नाही.

शेवटची बंदी चौथ्या जेम्स राजाच्या कारकिर्दीतली. आणि याच राजाच्या खजिन्याच्या हिशेबवहीत 21 सप्टेंबर 1502 या तारखेला नोंद आहे, की पर्थ गावच्या धनुष्य करणाऱ्या कारागिराला गोल्फच्या काठ्यांबद्दल चौदा शिलिंग दिले. म्हणजे धनुष्यांसाठी जो खेळ बंद केला, त्याच्या काठ्या राजाने धनुष्यवाल्याकडूनच घेतल्या! मला राजापेक्षा त्या खजिन्यातल्या कारकुनाचं कौतुक वाटतं. बंदीचा हुकूम माहीत असूनही त्याने खर्च दडपला नाही, "किरकोळ" या सदरात ढकलला नाही. आज गोल्फचा इतिहास त्याच्या त्या ओळीवर उभा आहे.

शिकवणीचा पहिला पुरावा त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी मिळतो. एडिंबरातला टॉमस किंकेड नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी 1687 च्या जानेवारीत आपल्या रोजनिशीत गोल्फ कसा खेळावा याचा विचार करत बसला. उभं कसं राहायचं? तर पट्टा खेळताना राहतात तसं. जोर कशाचा? तर नुसत्या हातांचा नव्हे, अंग वळवण्याचा. आज गोल्फवर कपाटं भरतील इतकी पुस्तकं आहेत. पण मला वाटतं, त्यांतली बरीचशी या रोजनिशीच्या पानावरची चक्रवाढ आहे.

या पुंजीवर मी रविवारी माळावर हजर झालो. बालाघाटाच्या डोंगरावरचा तो माळ. गवत म्हणाल तर शेळ्यांना पुरेल इतकंच, आणि शेळ्या आमच्या आधी आलेल्या. मला ते शुभ वाटलं, कारण स्कॉटलंडमध्येही हा खेळ समुद्रकाठच्या पडीक रेताड जमिनीवरच वाढला. नांगराला निरुपयोगी जमीन, तिथलं गवत मेंढ्यांनी कुरतडून आखूड ठेवायचं, की झालं मैदान. हिरवळ हा नंतरचा थाट. हिंदुस्थानातल्या कोरड्या छावण्यांमध्ये तर खड्ड्याभोवती गवताऐवजी वाळूत तेल मिसळून दाबून बसवत आणि तिला 'ब्राऊन' म्हणत. आमचा माळ जन्मतःच ब्राऊन होता.

गुरुजी आले. चाळिशीचा, काटक, उन्हाने रापलेला माणूस. खांद्यावर एका मेंबरने देऊन टाकलेली जुनी पिशवी, तिच्यात पाच काठ्या आणि दोनेक डझन खरचटलेले चेंडू. मला तो चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला. पण काउंटरवरच्या माणसाला सगळेच चेहरे पाहिल्यासारखे वाटतात. त्याने एक दुधाच्या पावडरीचा डबा जमिनीत पुरला आणि म्हणाला, "ह्यो खड्डा." डबा त्याने मापाचाच आणला होता. खड्ड्याचं माप सव्वाचार इंच, आणि ते 1891 पासून सगळ्या जगात तेवढंच आहे.

त्याने एक चेंडू ठेवला, मागे एकदा पाहिलं आणि काठी फिरवली. आवाज झाला तो नुसता 'टक्'. चेंडू वर गेला, क्षणभर आभाळात थबकल्यासारखा झाला आणि लांबच्या बाभळीजवळ पडला. दुसरा मारला. तोही बाभळीजवळ. तिसराही तिथेच. तिन्ही चेंडू एका सतरंजीवर मावतील इतके जवळ पडले होते.

मग आमची पाळी. साहेबांनी पहिल्याच टोल्याला बालाघाटाचा एक तुकडा उडवला. चेंडू जागेवर होता. कॅशियरची काठी चेंडूच्या वरून गेली आणि त्यांनी नोटा मोजताना करतात तसा अंगठा जिभेला लावून पुन्हा प्रयत्न केला. मी सर्वांना धीर देण्यासाठी चंद्राचा दाखला दिला. फेब्रुवारी 1971 मध्ये अपोलो 14 चा अंतराळवीर अ‍ॅलन शेपर्ड याने चंद्रावर गोल्फ खेळला. माती गोळा करायच्या दांड्याला गोल्फच्या काठीचं टोक बसवलेलं, अंगातल्या पोशाखामुळे एकच हात मोकळा. सुरुवातीला त्याच्याही काठीने चेंडूपेक्षा धूळच जास्त उडवली. मग एक चेंडू बसला आणि तो मैलोगणती गेल्याचं त्याने जाहीर केलं. पण 2021 साली जुनी छायाचित्रं नव्याने तपासली तेव्हा तो चेंडू सुमारे 40 यार्ड गेल्याचं निघालं. म्हणजे ऑडिट पन्नास वर्षांनी का होईना, होतंच.

"साहेब, बोलू नका, चेंडूकडं बघा," गुरुजी म्हणाले.

मी बघितलं. सगळा जोर लावून काठी फिरवली. चेंडू डावीकडे शेळ्यांमध्ये गेला.

"ताकद कशाला लावायलात?" तो म्हणाला. "मपल्या बापानं तीस वर्सं ऊस तोडला. कोयता कधी जोरानं मारला न्हाई. धारेनं मारला. जोरानं मारणारा दुपारलाच बसतो. काठीचं काम काठीला करू द्या."

किंकेडला जे रोजनिशीत मावलं नव्हतं ते या माणसाने एका कोयत्यात सांगितलं. त्याला कोणी शिकवलं होतं? कोणीच नाही. सकाळी पिशवी वाहायची, दिवसभर दुसऱ्याचा टोला बघायचा आणि अंधार पडता पडता मोडक्या काठीने स्वतः मारून पाहायचं. शिकवणीचे पैसे मेंबर भरत होते, शिकत हा होता.

आणि इथे माझ्या फाईलचं दुसरं पान उघडतं. कॅडी हा शब्द फ्रेंच 'कॅडेट'वरून आला, म्हणजे धाकटा. गोल्फच्या इतिहासात या धाकट्याने थोरल्यांना पुष्कळदा धडा दिलेला आहे. 1913 च्या अमेरिकन ओपनमध्ये हॅरी व्हार्डन आणि टेड रे या इंग्रज दिग्गजांना फ्रान्सिस विमेट या वीस वर्षांच्या पोराने हरवलं. तो लहानपणी घरासमोरच्या त्याच मैदानावर कॅडी होता, आणि त्या दिवशी त्याची पिशवी वाहणारा एडी लाउरी दहा वर्षांचा होता. वॉल्टर हेगन हाही असाच कॅडीचा खेळाडू झालेला. 1920 साली तो इंग्लंडात डील गावी ओपन खेळायला गेला, तर पोटासाठी खेळणाऱ्यांना क्लबच्या इमारतीत प्रवेश नाही असं कळलं. त्याने भलीमोठी भाड्याची मोटार क्लबच्या दारासमोर उभी केली आणि कपडे तिच्यात बदलले.

आपल्याकडे कलकत्त्याचा गोल्फ क्लब 1829 चा. ब्रिटनबाहेर इतका जुना दुसरा नाही. मुंबईचा 1842 चा. इंडियन ओपन स्पर्धा 1964 मध्ये सुरू झाली, आणि धंदेवाईक खेळाडूंपैकी ती जिंकणारा पहिला भारतीय निघाला 1991 साली: अली शेर, दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून वाढलेला. एस. एस. पी. चौरसियाचे वडील कलकत्त्याच्या त्याच जुन्या क्लबात गवताची निगा राखत. मुलगा बघून बघून शिकला आणि 2016 व 2017 अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन जिंकला. क्लबांच्या भिंतींवर साहेबांची नावं सोन्याच्या अक्षरांत असतात. खेळ मात्र पिशवीखालच्या खांद्यातून पुढच्या पिढीत उतरला.

दुपारी भाकरी सोडताना गप्पा निघाल्या त्या विटीदांडूच्या. आम्ही सगळे वकट, लेंड, मूंड, नाल करत वाढलेले. एका मास्तरांनी सांगितलं की हे आकडे तेलुगूतले आहेत: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. 1948 पर्यंत आमचा जिल्हा हैदराबादच्या निजामाकडे होता, म्हणून आम्हाला ते जवळचे वाटले. पण हे आकडे साऱ्या मराठी मुलखातली पोरं मोजत आली, हैदराबादचं नावही न ऐकता. त्यांनाही कुणी शिबिर भरवून शिकवलेलं नव्हतं. गुरुजी म्हणाले, "मंग तेच हाय की हे. विटी थांबलेली हाय, इतकंच."

त्यानंतर कॅशियरचा चेंडू 30 यार्ड गेला. चंद्रापेक्षा दहाच कमी!

माझी पाळी आली. मी मारला, बरा गेला. दुसरा उजवीकडे. गुरुजी शांतपणे म्हणाले, "ह्यो टोला पहिल्याशी जुळंना. परत."

तिसरा मारला. "जुळंना. परत."

चौथा. "परत."

पाचव्या वेळी मी जरा चिडून वर पाहिलं. तो हसत होता, आणि एकदम मला तो चेहरा कुठे पाहिला ते आठवलं. माझ्याच खिडकीच्या पलीकडे. मागच्या जत्रेला तो पैसे काढायला आला होता आणि मी पावती पाच वेळा परत केली होती. प्रत्येक वेळी तेच तीन शब्द उच्चारून: "सही जुळत नाही." शब्द तीन असतात हे मला माळावर कळलं, काउंटरवर ते एका दमात एकच वाटतात. एकच टोला शंभर वेळा हुबेहूब मारणारा माणूस, त्याच्या हाताला सारखेपणा नाही असा निर्णय मी दिला होता.

"त्या दिशी मपली शेवटची यष्टी गेली, साहेब," तो म्हणाला. रागाने नव्हे, चेंडू कुठे पडला ते सांगावं तसं. मग माझ्या मुठीवरचा अंगठा जरा सरकवून म्हणाला, "आता मारा."

तो टोला बसला. 'टक्' असा आवाज झाला. बाभळीपर्यंत गेला नाही, पण बाभळीच्या दिशेने गेला. गोल्फमध्ये आनंद कशाचा असतो ते तेवढ्यापुरतं कळलं. पण ओशाळलेल्या माणसाला आनंद पुरता घेता येत नाही.

सोमवारी तो पुण्याला निघण्याआधी बँकेत आला. सही जुळत नव्हतीच. मी त्याला आत बोलावून खुर्ची दिली, ओळखपत्र पाहिलं, नमुन्याची नवी सही घेतली, साहेबांची मंजुरी आणली आणि पैसे दिले. घड्याळात पाहिलं, बारा मिनिटं. ते काम मागच्या जत्रेलाही बारा मिनिटांचंच होतं.

मॅनेजरसाहेबांची पुढे बढतीवर बदली झाली. गोल्फमुळे नव्हे, सेवाज्येष्ठतेने. माळावर तो डबा अजून पुरलेला आहे. पावसाळ्यात त्यात पाणी साचतं आणि शेळ्या ते पितात.