आडनावापलीकडे पूर्वजांचा शोध
पुंडलिकनगरात वास्तव्य करणाऱ्या एखाद्या कुटुंबाचे आडनाव परेरा वा डिसोझा असेल, तर त्यांचा मूळ पुरुष पोर्तुगालहून आला, असे आपण सहज मानतो. परंतु वसई व गोवा येथे स्नानसंस्काराच्या वेळी मिशनरी किंवा धर्मपित्याचे आडनाव स्वीकारले जाई. त्यामुळे केवळ आडनाव हा वंशाचा पुरावा ठरत नाही.

आम्ही सुचवितो की, शोध स्वतःपासून आरंभून मागे न्यावा. धर्मग्रामाच्या नोंदवह्यांतील स्नानसंस्कार, विवाह व दफन यांच्या नोंदी पिढ्या जोडतात. मृत्युपत्रातून वारस, मालमत्ता व साक्षीदार कळतात. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेने मालमत्तेचा ठरावीक हिस्सा वारसांसाठी राखीव ठेवल्याने, वाटणीच्या कागदपत्रांतूनही नातेसंबंध उलगडतात.

साखळी तुटल्यास रिकामी जागा कल्पनेने भरू नये. मूळ पुरुष कोकणातलाच निघाला, तर त्यात उणेपणा कोणता?