आधी क्रियापद, मग ‘स्वतः’

स्पॅनिश शिकणाऱ्याला पहिल्या काही आठवड्यांतच एक कोडं पडतं. ‘बस’ म्हणायचं तर ‘सिएंताते’. ‘बसू नकोस’ म्हणायचं तर ‘नो ते सिएंतेस’. यातलं ‘ते’ म्हणजे ‘तू स्वतःला’. होकारी आज्ञेत ते क्रियापदाच्या शेपटीला चिकटून एकच शब्द होतो. नकार आला की सुटून क्रियापदाच्या पुढ्यात जाऊन उभं राहतं. मी बंगळुरात स्पॅनिश शिकवते. वर्गात कन्नड, तमिळ, तेलुगू, मराठी अशा घरांतली मुलं असतात आणि ‘असं का?’ हा प्रश्न दर तुकडीत येतो. पाठ्यपुस्तक म्हणतं, नियम आहे, पाठ करा. मला हे उत्तर कधी पटलं नाही, कारण हा नियम नसून इतिहास आहे.

मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये ही छोटी सर्वनामं फार दुबळी होती. त्यांच्यावर आघात नसे, म्हणून वाक्याच्या आरंभी ती उभी राहू शकत नसत. आधी कुणीतरी टेकायला लागे. होकारी आज्ञा बहुधा क्रियापदानेच सुरू होते, तेव्हा सर्वनाम त्याच्या मागे टेके. नकारात ‘नो’ आधी येई, मग सर्वनाम ‘नो’ला टेके आणि आपोआप क्रियापदाच्या पुढे पडे. एवढीच गोष्ट! जुन्या फ्रेंच आणि इटालियनमध्येही हेच चाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टोबलर आणि मुसाफिया या दोन अभ्यासकांनी ते नोंदवलं. आजही हा नियम त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

त्या काळी हे फक्त आज्ञेपुरतं नव्हतं. ‘तो उठला’ हे वाक्यारंभी ‘लेवांतोसे’ असं लिहीत. पुढे सर्वनामांना धीर आला, ती वाक्याच्या तोंडाशी उभी राहू लागली आणि बोलण्यात ‘से लेवांतो’ रुळलं. लेखक मंडळी मात्र एकोणिसाव्या शतकातही ‘लेवांतोसे’ लिहीत राहिली. जुन्या कथा वाचताना विद्यार्थी तिथे हमखास अडखळतात. सगळी भाषा पुढे सरकली, मागे राहिली ती होकारी आज्ञा आणि तिच्यासोबत धातूची एक-दोन रूपं. माझा अंदाज असा की आज्ञा घरात, कानांनी शिकली जाते. ऊठ, बस, झोप, हात धू. हे शब्द मूल व्याकरणाच्या फार आधी ऐकतं आणि म्हणून ते सहजी बदलत नाहीत.

जुन्या नियमाचं जिवंत रूप बघायचं तर पोर्तुगालकडे पाहावं. तिथे ‘माझं नाव अमुक’ सांगतानाही सर्वनाम क्रियापदामागे ठेवतात आणि नकारात पुढे आणतात. ब्राझीलने ती शिस्त बोलण्यातून बरीचशी सोडली. गोव्यातल्या जुन्या घरांत पोर्तुगीज पोचली ती ही मागे टेकणारी सर्वनामं घेऊनच.

चिकटताना झीजही होते. ‘तुम्ही बसा’ या अर्थाचं ‘सेन्ताद’ आणि ‘ओस’ मिळून ‘सेन्ताओस’ होतं, मधला ‘द’ गळतो. ‘आपण बसू या’मध्ये ‘सेन्तेमोस’चा शेवटचा ‘स’ जाऊन ‘सेन्तेमोनोस’ उरतं. ‘जा’ या क्रियापदाने तेवढा ‘द’ राखला: ‘ईदोस’. पण स्पेनमध्ये असं कोण बोलतं? लोक ‘ईरोस’ म्हणतात, आणि २०१७ साली राजअकादमीने ते मान्य केलं. अर्जेंटिनात आणखी वेगळं: ‘सेन्ताद’चा ‘द’ आधीच गळलेला, वर ‘ते’ लागून ‘सेन्ताते’.

आदरार्थी रूपात तर ‘ते’च्या जागी ‘से’ येतं: ‘सिएंतेसे’. ‘से’ हे खरं तृतीय पुरुषाचं. कारण ‘उस्तेद’, म्हणजे ‘आपण’, हे मुळात ‘वुएस्त्रा मेर्सेद’, ‘आपली कृपा’ या संबोधनाचं झिजलेलं रूप. समोरच्याशी बोलायचं, पण तो तिसराच कुणी असल्यासारखं. ‘रावसाहेबांनी बसावं’ असं म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

वर्गात मात्र मराठी मुलांपेक्षा कन्नड मुलं या धड्यात पुढे असतात. बोली कन्नडमध्ये बस म्हणजे ‘कूतको’, उभा राहा ‘निंतको’, झोप ‘मल्को’. तिन्हींच्या शेवटी ‘कोळ्ळु’ या क्रियापदाचं झिजलेलं ‘को’ आहे. मूळ अर्थ घेणे, पण इथे त्याचं काम क्रिया कर्त्याकडे वळवण्याचं. स्पॅनिशमध्येही बसणं, उठणं, आडवं होणं ही नेमकी स्वतःकडे वळणारी क्रियापदं. ‘बरी’ म्हणजे लिही, ‘बर्को’ म्हणजे तुझ्यासाठी लिहून घे. मराठीत ‘घे’ हेच करतं, पण ऐच्छिक आहे. ‘सूप खा’ आणि ‘सूप खाऊन घे’ यांत जो फरक, जवळजवळ तोच ‘कोमे’ आणि ‘कोमेते ला सोपा’ यांत. ‘बस’ला मात्र प्रमाण मराठीत शेपूट लागत नाही.

बंगळुरी मराठीत लागतं. इथे वाढलेली माझी मुलगी पाहुण्यांना ‘बसून घ्या’ म्हणते, आणि पुण्याकडची मंडळी ‘कानडी शिरलं’ म्हणून हसतात. शिरलं असेलही. १९७१ साली गम्पर्झ आणि विल्सन यांनी सांगलीजवळच्या कुपवाडबद्दल लिहिलं, की तिथली मराठी, कन्नड आणि उर्दू शब्दांनी वेगळ्या राहूनही वाक्यरचनेत इतक्या जवळ आल्या आहेत की शब्दाला शब्द ठेवून भाषांतर व्हावं. बंगळूर तर १६३८च्या सुमारास शहाजीराजांकडे आलं, आणि त्यांच्या इथल्या दरबारात जयराम पिंड्ये यांनी ‘राधामाधवविलासचंपू’त अनेक भाषा एकत्र नांदवल्या. तरी सगळं श्रेय कन्नडला देता येत नाही, कारण हिंदीचं ‘लेना’ही हेच काम करतं.

त्याही मागे पाणिनी आहे. क्रियेचं फळ कर्त्याकडे जात असेल तर आत्मनेपद वापरावं, असं पहिल्या अध्यायात तो सांगतो. यजमान स्वतःसाठी यज्ञ करतो तेव्हा ‘यजते’. पुरोहित दुसऱ्यासाठी करतो तेव्हा ‘यजति’. आज्ञेतही ‘कुरु’ आणि ‘कुरुष्व’ वेगळे. प्राकृतात ही जोडी झिजत गेली आणि मराठीपर्यंत पोचलीच नाही. पण भेद सांगायची गरज संपली नसावी. ‘कर’ आणि ‘करून घे’ आपण आजही वेगळं म्हणतो. मुलीचं ‘बसून घ्या’ मी अजून दुरुस्त केलेलं नाही. पाहुणे हसतात आणि बसतात.